मालधक्क्यावरचं जोडपं

"हे तुमचे कोण?" मी विचारलं.

तानूबाई सुपात गहू पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. "मालक," ती म्हणाली.

पाच-सहा हातांवर, हातगाडीच्या पलीकडे, आप्पा मगदूम मिसरीनं दात घासत बसला होता. ते ऐकून त्यानं चूळ भरली, गमछा खांद्यावर टाकला आणि नळाकडे निघाला. जाता जाता म्हणाला, "तानूआक्का, च्या ठेव गं."

आमच्या भागात थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात. बायकोला आक्का म्हणणारा नवरा मी तोवर पाहिला नव्हता. मी पेन फॉर्मवर टेकवून तशीच थांबले.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका शहरात बेघरांची मोजणी चालली होती आणि मी त्या कामावर होते, कंत्राटी. वय सत्तावीस, एमएसडब्ल्यू नुकतं झालेलं, आणि जग सुधारायला माझीच वाट बघत थांबलंय अशी पक्की समजूत. मोजणी सकाळी सहाला करावी लागे, कारण सातनंतर ही माणसं कामाला पांगतात. रेल्वेचा मालधक्का माझ्या वाट्याला आला होता. तिथं वॅगनमधून पोती उतरताना सांडलेलं धान्य बायका झाडून गोळा करत, पाखडून निवडत आणि बाजारात विकत. तानूबाई त्यातलीच. पन्नाशीची, काटक, बोलणं मोजकं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. दिरानं घराबाहेर काढल्यावर ती धक्क्यावर आली होती. आप्पा तिथलाच जुना हमाल. पोत्यांखाली पाठ गेली, आणि त्याआधी दारूपायी घर गेलं. आता दारू सुटली होती, पण घर कुठलं परत यायला?

मी तानूबाईजवळ खाली बसले. "खरं सांगा, मावशी. ते तुम्हाला आक्का म्हणाले."

ती हसली. मग सूप बाजूला ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं तिनं मला समजावलं. "ह्या धक्क्यावर एकट्या बाईनं एकटी हाय म्हणायचं नसतं, बाई. पोलीस येतो, मुकादम येतो, तुमच्यावानी कागदवाली येत्यात. इचारलं, की कुणाचं तरी नाव सांगायचं. मी आप्पाचं सांगते. त्यापायी रोज दोन भाकरी देते त्याला. नावाच्या भाकरी. त्यो तिकडं निजतो, मी हिकडं. मधी गाडी."

"म्हणजे खोटंच की."

"खोटं कसं? धक्क्यावर समद्यांस्नी ठावं हाय."

इथं मी फॉर्म पुरा करून उठले असते तर ही गोष्ट झालीच नसती. 'एकल' या रकान्यात दोन खुणा, दोन वेगळे फॉर्म, संपलं. पण या मोजणीमागच्या घरांच्या योजनेच्या पोटातलं मला माहीत होतं. शहराबाहेरच्या माळावर अठ्ठेचाळीस खोल्यांची इमारत तयार होती आणि त्या खोल्या आधी कुटुंबांना मिळणार होत्या. एकट्यादुकट्यांना 'दुसऱ्या टप्प्यात.' हा दुसरा टप्पा आमच्या ऑफिसात कुणी पाहिला नव्हता. फक्त भाषणात ऐकला होता.

"एकटी लिहिलं तर तुम्हाला काही मिळणार नाही," मी म्हणाले. "जोडपं लिहिलं तर खोली मिळेल. लिहू का?"

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "खोलीला दार असतंय?"

"असतं."

"आतनं कडी?"

"असते."

"मग लिवा."

आप्पा नळावरून आला तेव्हा त्यालाही विचारलं. तो ओशाळला. "आक्काला चालत असंल तर माझं काय? मी कोपऱ्यात पडीन," तो म्हणाला. मग गमछ्यानं तोंड पुसत, "पर घरावर नाव माझं लागंल न्हवं?"

"कुटुंबप्रमुख तुम्हीच," मी म्हणाले, आणि नात्याच्या रकान्यात टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: पत्नी.

त्या सकाळी ऑफिसला परतताना मी खूश होते, हे कबूल करायला हवं. सरकारी कागदाला आपण कसं हातोहात चकवलं, याचीच ती खुशी. मोजणी संपल्यावर पालिकेत आमचा छोटा सत्कार झाला. माझ्या भागातल्या दोनशे अकरा फॉर्मांत एकही चूक सापडली नव्हती. प्रकल्प अधिकारी पिसे साहेबांनी मला 'शून्य त्रुटी' असं छापलेलं प्रमाणपत्र दिलं आणि पुढच्या मार्चमध्ये पर्यवेक्षक म्हणून माझ्या नावाची शिफारस करणार असल्याचं जाहीर केलं. आईनं ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं.

खोल्यांच्या चाव्या जूनमध्ये मिळाल्या. मगदूम जोडप्याला तिसरा मजला, खोली क्रमांक एकतीस. दहा बाय बारा, ओटा आणि मोरी आतच, पाणी सकाळी एक तास. दर पंधरवड्याला भेट देऊन माणसं तिथं राहतात की नाही हे लिहिणं माझं काम होतं.

पहिल्या भेटीत तानूबाईनं मला दार लावून दाखवलं. कडी घातली, काढली, पुन्हा घातली. खोलीच्या मधोमध दोरीवर लुगडं टाकलं होतं. दाराकडचा भाग आप्पाचा, ओट्याकडचा तिचा. आप्पानं दारावर खडूनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. तो धुतलेला सदरा घालून बसला होता आणि माझ्याशी आता 'या, बसा' असं बोलत होता. धक्क्यावर तो कुणालाच 'बसा' म्हणत नसे, कारण बसवायला जागा कुठं होती?

"रात्री झोप लागते का, मावशी?" मी विचारलं.

"लई लागते. उठायचं ध्यानच ऱ्हात न्हाई."

हे मी वहीत लिहून घेतलं. अहवालाला असली वाक्यं लागतात.

दुसऱ्या महिन्यात शेजारच्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला नेलं. सगळ्या मजल्यावर ती मगदूमकाकू झाली होती. पुढच्या भेटीत तिनं मला हळूच ओट्याजवळ ओढलं. "बाई, त्यांनी कुंकू लावलं की वो मला. न्हाई म्हणायच्या आत लावलं. इस वर्सांनी. आता काय करू?"

"पुसायचं आणि काय."

"आप्पा म्हणला ऱ्हाऊ दे. पुसलं तर इचारत्याल." आणि ती आरशाच्या तुकड्यात बघून म्हणाली, "बरं दिसतंय पर. व्हय न्हवं?"

मी हसले आणि तेही लिहून घेतलं.

जे लिहून घेतलं नाही ते असं. मालधक्का तिथून नऊ किलोमीटर होता. पहिले दोन महिने तानूबाई एसटीनं जात राहिली. पण धक्क्यावर झाडायची जागा तिथं पहाटेपासून ठाण मांडून बसणाऱ्याची असते. ती पोचेपर्यंत वॅगन रिकामी झालेली असे आणि तिच्या जागेवर दुसऱ्या बायकांचे खराटे फिरून गेलेले असत. एक दिवस भांडण झालं. "तुला घर मिळालं, आता आमच्या पोटावर का येतीस?" असं म्हणून त्यांनी तिचं सूप फेकून दिलं. मग ती गेली नाही. माळावरच्या एका व्यापाऱ्याची चिंच घरी आणून फोडू लागली. धक्क्यावर परत जायची वाट तिच्यापुरती तरी बंद झाली होती.

चौथ्या महिन्यात आप्पानं लाभार्थी कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं आणि तो सासुरवाडीला गेला. त्याची लग्नाची बायको कलावती आठ वर्षांपूर्वी मुलीला घेऊन भावाकडे गेली होती. मी पुढच्या भेटीला गेले तर दार उघडलं ते तिनंच. गळ्यात मंगळसूत्र, कमरेला पदर खोचलेला. आत दहावीतली मुलगी सारिका ओट्याला टेकून अभ्यास करत होती. दोरीवरचं लुगडं काढलेलं होतं. आप्पा कॉटवर बसला होता, आणि कॉट नवी होती.

"माझी मानसं," तो म्हणाला. आठ वर्षांत त्याला हा शब्द तोंडातून काढायची संधी मिळाली नव्हती, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

तानूबाई बाहेर जिन्याच्या वळणावर होती. गोणपाट, गाठोडं, चिंचेची पाटी. एवढ्यात तिचा संसार मावला होता.

"चार दिसांचं हाय म्हणला," ती म्हणाली. "पोरीची परीक्षा झाली की जात्याल."

"परीक्षा मार्चमध्ये आहे, मावशी."

"व्हय," ती म्हणाली. तिलाही ते माहीत होतं.

मी आप्पाला खडसावलं. त्यानं हात जोडले. कलावतीनं मात्र जोडले नाहीत. ती मला बाहेर घेऊन आली आणि जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाली, "ताई, भावाच्या घरी मी आणि पोर शेळ्यांच्या गोठ्यात निजत हुतो. आठ वर्सं. तिथं न्हाई कुणी मोजायला आलं. लग्नाची बायको मी हाय. पोरगी त्यांची हाय. तुमच्या कागदावर ह्या बाईचा फोटू हाय, त्यो चुकीचा हाय. दुरुस्त करा."

ती बरोबर बोलत होती. तिच्या पाठीमागे चिंच फोडत बसलेल्या तानूबाईचंही बरोबर होतं. माझ्या एका शब्दानं दोघींना एका खोलीत कोंबलं होतं, आणि एकीला त्या खोलीच्याही बाहेर काढलं होतं.

आणि दुरुस्ती करता येत होती, हेच तर वाईट. मी पिसे साहेबांना आडून आडून विचारलं होतं. पहिल्या तपासणीच्या दिवसापर्यंत गणकानं, म्हणजे मोजणी करणाऱ्या मी, स्वतःच्या सहीनं चूक कळवली, तर दोघांच्या नोंदी वेगळ्या करता येत होत्या. मगदूम कुटुंब खरंच कुटुंब असल्यानं एकतीस नंबर त्यांच्याकडेच राहिला असता. आणि तळमजल्यावरच्या चार खोल्या अशाच 'विशेष प्रकरणां'साठी रिकाम्या ठेवलेल्या होत्या. त्यातली एक तानूबाईला मिळाली असती, तिच्या एकटीच्या नावावर. तपासणी झाली की मात्र यादी कायम. मग एका कार्डावरचं नाव दुसरीकडे चढणार नव्हतं.

"पण सही करणाऱ्या गणकाचं काय होतं, सर?" मी विचारलं होतं.

"काय व्हायचंय? चुकीची नोंद म्हणून शेरा बसतो," साहेब म्हणाले. "शिफारस वगैरे विसरायची. का? तुमच्या यादीत काही आहे का? तुमची तर शून्य त्रुटी."

"नाही सर, सहजच."

तरीही मी पत्र लिहिलं. तपासणीच्या आदल्या रविवारी घरी बसून, तीनदा कच्चं खरडून, चौथ्यांदा पक्कं. सही केली, तारीख घातली आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. मी अगदीच वाईट माणूस नव्हते.

तपासणी फेब्रुवारीच्या एका मंगळवारी अकरा वाजता होती. मी नऊलाच पोचले. खोली एकतीसमध्ये सगळे जमले होते, तानूबाईसुद्धा. तिला त्या दिवशी कॉटवर बसवलं होतं आणि कलावतीनं तिच्यापुढे शिऱ्याची वाटी ठेवली होती. शिरा तसाच होता.

आप्पाचा बेत सोपा होता. "आक्का, तू तासभर नेहमीसारखं म्हण, मी बायको म्हणून. कला पोरीला घिऊन देवळात जाऊन बसंल. सायेब गेलं की झालं."

"मी का लपायचं?" कलावती म्हणाली. "चोरी केलीया का? त्यापरीस तानूबाईंनीच सांगावं, कागद चुकला म्हणून. ताई हायत की साक्षीला."

सगळे माझ्याकडे वळले.

मी तेव्हा पर्स उघडून पत्र दाखवायला हवं होतं. त्याऐवजी मला दुसरंच सुचलं. तानूबाईनं आपणहून माघार घेतली तर? ती म्हणाली, मी याची बायको नाही, मीच खोटं सांगितलं होतं, तर चूक तिची होते, माझी नाही. ती बिचारी भली होती, कुणाच्या वाटेत न येणारी. अशी माणसं सोडून देतात. मी तिच्याशेजारी बसले आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"मावशी, एवढं केलंत तर पोरीचं भलं होईल. तुमचं मी बघते ना. दुसऱ्या टप्प्यात तुमचं नाव पहिलं घालते."

"दुसरा टप्पा कदी?"

"लवकरच."

तानूबाईनं माझा हात हळूच बाजूला केला. "बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मी मला हवा तसा घेतला.

तपासणीची गाडी पावणेअकरालाच आली. पिसे साहेबांबरोबर पुण्याहून आलेल्या पाहणी अधिकारी बाई होत्या. चष्मा, सुती साडी, बोलणं शांत. कलावतीला जायला वेळच मिळाला नाही. साहेबांनी दारातच माझ्याकडे बोट केलं. "या आमच्या कुंभोजकर. यांच्या दोनशे अकरा फॉर्मांत एक चूक काढून दाखवा, मॅडम. जिल्ह्यातला हा एकमेव भाग, शून्य त्रुटीचा."

"अरे वा," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून मनापासून हसल्या.

पर्स माझ्या खांद्याला होती.

बाईंनी कार्ड मागितलं. आप्पानं खिशातून काढून दिलं. त्यांनी फोटो पाहिला, मग खोलीतल्या दोन्ही बायका पाहिल्या. "मगदूम, पत्नी कोण?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली आपटली. मी तानूबाईकडे बघत होते. सांग, सांग ना, असं मनातल्या मनात म्हणत होते.

तानूबाई उठून उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर घेतला. "मी," ती म्हणाली.

आवाज जराही हलला नाही. तिच्या कपाळावर कुंकू होतं. तिनं ते त्या सकाळी स्वतःच लावलं असणार.

"आणि या?" बाईंनी कलावतीकडे पाहिलं.

कलावती नवऱ्याकडे वळली. तिला वाटलं असणार की हे त्यानं सांगायचं आहे. तो सांगेल. चोवीस वर्षांपूर्वी चार लोकांसमोर तिला दिलेलं नाव आहे, ते तो आता चार लोकांसमोर घेईल.

आप्पानं आधी कार्डाकडे पाहिलं, मग दाराकडे. दारावरचा खडू पुसून त्यानं तिथं आता रंगानं नाव घातलं होतं. "बहीण हाय," तो म्हणाला. "पावनी आलीया."

"ही मुलगी?"

"भाची."

सारिकाच्या हातात पुस्तक होतं. तिनं ते मिटलं. बापाकडे तिनं पाहिलं नाही, आईकडेच पाहिलं.

पत्र काढायला दोन सेकंद लागले असते. मॅडम, चूक माझी आहे, एवढे चार शब्द. तेवढ्या शब्दांत चौघांनाही हक्काची जागा मिळत होती, आणि मला ते उच्चारता आले नाहीत. मला मार्च आठवत होता, आईनं लॅमिनेट केलेला कागद आठवत होता, आणि बाईंचं ते 'अरे वा.'

"पाहुण्यांना पंधरा दिवसांच्या वर ठेवायचं नाही, नियम आहे," बाई आप्पाला समजुतीनं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नोंद बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, मॅडम," मी म्हणाले, आणि त्यांनी पुढे केलेल्या यादीवर सही केली.

जाताना पिसे साहेबांनी दाराजवळ तानूबाई आणि आप्पाला उभं करून फोटो काढला. त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच आहे. खाली छापलंय, 'मालधक्क्यावरून हक्काच्या घरात.' दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

कलावतीनं पंधरा दिवस वाट पाहिली नाही. मी बाकीच्या खोल्या उरकून जिना उतरत होते, तेव्हा ती पत्र्याची ट्रंक घेऊन उतरत होती. मागे सारिका, दप्तर पाठीला. मी ट्रंकेला हात लावला तर तिनं ती दुसऱ्या हाताला घेतली.

"थांबा हो, कलाताई. काहीतरी मार्ग काढू."

"तानूबाईचा मला राग न्हाई," ती म्हणाली. "तिनं तिचं राखलं. मी बी राखलं असतं." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "ह्यानं दारू पिऊन मारलं, ते सोसलं. घर घालवलं, ते सोसलं. पर पोरीम्होरं मला बहीण म्हणला. आता ह्या खोलीत कशी निजू?"

आप्पा खाली आला नाही. वर दाराशी उभा राहून तो बघत होता. त्याची पाठ कधीचीच गेली होती आणि त्या पाठीनं पुन्हा फुटपाथवर निजणं त्याला झेपलं नसतं, हे मलाही कळत होतं. सारिका दहावीला बसली की नाही, हे मला पुढे कधीच कळलं नाही. मी शोधलंही नाही. शोधलं असतं तर लिहावं लागलं असतं.

आठ दिवसांनी मी भेटीला गेले. जायलाच हवं होतं, रजिस्टर होतं. तोवर माझ्या शिफारशीचं पत्र निघालं होतं आणि ऑफिसात पेढे वाटून झाले होते.

दोरीवर लुगडं पुन्हा टाकलं होतं. दाराकडच्या भागात आप्पा भिंतीकडे तोंड करून पडला होता, जागा होता. त्याच्या उशाशी ताटलीत दोन भाकरी झाकून ठेवलेल्या होत्या. ओट्याकडे तानूबाई चिंच फोडत होती. दोघं बोलत नाहीत, असं शेजारणीनं मला जिन्यातच सांगितलं होतं. "मगदूमकाकूंचं आणि काकांचं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली होती.

मी तिच्याजवळ पोत्यावर बसले. नेहमीचं विचारलं. "बऱ्या आहात ना, मावशी?"

"हाय की."

"त्या दिवशी..." मी सुरुवात केली. "मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल. पोरीसाठी तरी."

तिनं चिंचोका बाजूला टाकला. माझ्याकडे पाहिलं. चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मला जागा न्हवती, बाई. धक्क्यावरली गेली, हितली जिन्यात आली. म्हणून मी खोटं बोलले. आप्पाला बी न्हवती. त्यो पोटच्या पोरीला भाची म्हणला. त्येच्या जिवाला काय झालं आसंल, त्यो तिकडं पडलाय बगा." तिनं पुढची चिंच उचलली. "पर तुम्हाला खरं ठावं हुतं. पयल्या दिसापासनं. आन् तुम्हाला घर हाय की. आई-बाप हाईत, पंखा हाय, समदं हाय. तुम्ही कशापायी गप बसला?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखरच ते कळत नव्हतं, आणि माझ्या तोंडून ऐकायचं होतं. हातातली चिंच तशीच धरून ती उत्तराची वाट बघत राहिली. लुगड्यापलीकडे आप्पानं कूस बदलली. तोही ऐकत होता.

मी रजिस्टर उघडलं. खोली क्रमांक एकतीस, पती-पत्नी दोघेही हजर, असं लिहिलं आणि खाली सही केली.